शेजारच्या गल्लीतला गोवर



गोष्ट २०२२ च्या नोव्हेंबरमधली आहे. गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली होती आणि रोज पेपरात त्याच्याच बातम्या होत्या. रविवारी विहारात वंदना झाली. सूचना सांगायची वेळ आली तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "बाई, पोरांना नाल्यापलीकडं पाठवू नका. त्या लोकांना लसच नको असते. त्यांच्यामुळं हे आलंय." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

आमची वस्ती आणि नाल्यापलीकडची मुसलमान वस्ती एकाच वॉर्डात आहेत. पाणी एकाच लाइनचे, दवाखाना एकच, डम्पिंगचा धूरही एकच. तरी बोलताना आपण "ते लोक" म्हणतो. आम्ही त्या दिवशी आजींना उलट बोललो नाही. एवढेच म्हणालो, "आजी, आधी आपल्या घरातली कार्डं काढू. मग तिकडं जाऊ."

आठवडाभर आम्ही चार-पाच जणी दोन्हीकडे फिरलो. या पानावर आपण नेहमी आजार आणि औषधे यांविषयी बोलतो. आज शेजाऱ्यांविषयी बोलू, कारण शेजाऱ्याची तब्येत आपल्या तब्येतीपासून वेगळी नसते, हे त्या आठवड्याने आम्हाला शिकवले.

आधी आपली कार्डे

गोवर-रुबेलाची लस दोनदा घ्यायची असते. पहिला डोस बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. आपल्या गल्लीत कार्डे बघितली तर पहिला डोस बहुतेकांचा झालेला होता, पण दुसऱ्याची जागा बऱ्याच कार्डांवर कोरी होती. "एकदा दिली ना बाई, परत कशाला?" "ताप येतो, रात्रभर रडतं, मग कामावर कसं जायचं?" "कोरोनात दवाखाना बंद होता, नंतर राहूनच गेलं." अशी उत्तरे मिळाली. दोन घरांतली कार्डे पावसात भिजून लगदा झाली होती. एका घरात, "गोवर अंगावर येऊ द्यावा, औषध दिलं तर आत जातो," असेही ऐकायला मिळाले.

म्हणजे दोष द्यायचा झाला, तर तो नाल्याच्या अलीकडेही होता.

नाल्यापलीकडे

दुसऱ्या दिवशी पलीकडे गेलो. एका माळ्यावरच्या खोलीत एक आपा दुपट्ट्याला टिकल्या लावत बसल्या होत्या. नगावर पैसे मिळतात. माल देणारा माणूस महिन्याला भाव ठरवतो आणि मोडलेल्या नगाचे पैसे कापून घेतो. मांडीवर दीड वर्षाची मुलगी होती. आम्ही लसीचे विचारताच त्यांनी डबा उघडून कार्ड काढले. पहिला डोस नव्हता.

"मैं दो बार गई थी," त्या म्हणाल्या. "पहली बार बोले, बच्चे कम हैं, शीशी नहीं खोलेंगे. दूसरी बार गई तो बारा बज गए थे. अब रोज़ काम छोड़कर कौन जाए?"

हे ऐकून आम्हाला आमच्या नोकरीतले दिवस आठवले. गोवराच्या लसीची कुपी एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते. उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून काही ठिकाणी सिस्टर पाच-सात मुले जमेपर्यंत कुपी उघडत नाहीत. आम्हाला शिकवलेले वेगळे होते. लस वाया गेली तरी चालेल, पण आलेले बाळ परत जाता कामा नये, एका बाळासाठीही कुपी उघडायची. वर हिशेब मागणारे असतात म्हणून खालचा माणूस घाबरतो, आणि आपाची मुलगी लसीविना घरी परतते. मग कागदावर शेरा पडतो, "पालकांचा नकार."

आठवडाभरात नकाराची अशी बरीच कारणे कळली. कोणी बाळंतपणाला उत्तर प्रदेशातल्या गावी गेले आणि कार्ड तिथेच राहिले. कोणाचे घर भाड्याचे असल्याने अकरा महिन्यांनी पत्ता बदलला आणि आरोग्यसेविकेच्या यादीतून नाव गेले. कोणाची झोपडी तोडली गेली आणि ते दुसऱ्या टोकाला राहायला गेले. लसीने मुले होत नाहीत असे मोबाइलवर ऐकून घाबरलेलेही भेटले. ते नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण ते मोजकेच होते, आणि दोनदा बसून बोलल्यावर त्यांतले बहुतेक तयार झाले.

एक भीती मात्र आपल्याला सहज कळणार नाही. वही घेऊन दारात आलेल्या माणसाची. २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली, तेव्हा मालेगावात जन्माच्या दाखल्यांसाठी महापालिकेसमोर रांगा लागल्या होत्या. आजोबा-पणजोबांपासून इथे राहणारी माणसे, आपण इथलेच आहोत याचा कागद शोधत होती. ज्या घराने ते दिवस बघितले, त्या घरात सिस्टरने "घरात किती माणसं? नावं सांगा," असे विचारले की बाई आधी दाराची कडी लावते. तो लसीला नकार नसतो, वहीला असतो. आम्ही मग वही पिशवीत ठेवून आधी मुलांशी बोलायला लागलो.

गोवर कुठे गेला?

त्या हिवाळ्यात राज्यात गोवराचे उद्रेक झाले त्यांत मुंबईतली गोवंडी होती, मालेगाव होते, भिवंडी होती. तिन्हीकडे मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यावरून कोणी धर्माकडे बोट दाखवले. आम्ही म्हणतो, नकाशा आणखी नीट बघा.

गोवंडी ज्या एम-पूर्व वॉर्डात येते, त्याचा क्रमांक २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत शेवटचा होता. निर्देशांक होता ०.०५. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला टाकला जातो. १९७१ पासून कत्तलखाना तिथे आहे. शहरभरच्या दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टीही २००९ पासून गोवंडीत आली. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंगला आग लागली आणि धूर शहरभर पसरला, तेव्हा मोठमोठ्या सोसायट्यांना पहिल्यांदा खोकला आला. आपल्या आणि शेजारच्या पोरांना तो बाराही महिने असतो. अशा छातीत गोवर गेला की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

ही माणसे इथे हौसेने आलेली नाहीत. १९७६ साली जनता कॉलनी तोडली आणि तिथल्या कुटुंबांना चित्ता कॅम्पला नेऊन टाकले. शहरातल्या इतर झोपडपट्ट्या हटवल्या, त्यांतली माणसेही या दलदलीच्या कडेला आली. १९९२-९३ च्या दंगलीनंतर जीव मुठीत धरून आलेली मुसलमान कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड, गोवंडी अशा ठिकाणी एकत्र राहू लागली. एकत्र राहिल्याने जिवाची भीती कमी झाली, पण सोयी त्यांच्यामागे आल्या नाहीत. आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीची गोष्ट यापेक्षा फार वेगळी आहे का?

भिवंडी आणि मालेगाव ही यंत्रमागाची गावे. मागावर कामगार बारा-बारा तास उभा असतो, मीटरवर किंवा नगावर मजुरी, बहुतेकांना ना पगारी रजा, ना ईएसआय. सुताचा बारीक कस छातीत जातो आणि वर्षानुवर्षांनी दम लागायला लागतो. मागाच्या खडखडाटाने कान जातात. बाप आजारी पडला की मुलगा शाळा सोडून मागावर उभा राहतो आणि आई घरी कांड्या भरते. लसीच्या दिवशी दवाखान्यात जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची.

गोवर धर्म विचारून घरात शिरत नाही. कोंदट खोली, अर्धपोटी मूल आणि कोरे कार्ड जिथे एकत्र सापडेल तिथे तो शिरतो.

अहवाल काय सांगतात

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये देशातल्या मुसलमानांच्या स्थितीचा अहवाल दिला. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात.

काम करणाऱ्या मुसलमानांपैकी दहातले सहा जण स्वतःच्या छोट्या धंद्यावर किंवा घरबसल्या कामावर जगतात. ठेला, शिवणकाम, भंगार, गॅरेज, जरी. महिन्याच्या पगाराची नोकरी फार थोड्यांना आहे. त्या वेळी आयएएसमध्ये मुसलमान होते ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा होता १३.४ टक्के. मुसलमान मुलांतली चौथा हिस्सा मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. सगळी मदरशात जातात असा आपला समज असतो. समितीला मदरशात शिकणारी मुले शंभरात चारच्या आत आढळली.

आपल्या राज्याने २००८ साली महमूद-उर-रहमान यांची समिती नेमली. २०१३ मध्ये तिचा अहवाल आला आणि जुलै २०१४ मध्ये वटहुकूम काढून मुसलमानांतल्या मागास गटांना शिक्षण आणि नोकरीत ५ टक्के आरक्षण दिले गेले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले चालू ठेवायला मुभा दिली. पुढे वटहुकूम तसाच संपू दिला गेला आणि त्याचा कायदा झालाच नाही. कोर्टाने ठेवलेलेही सरकारने ठेवले नाही.

"त्यांच्यात फार मुलं असतात"

हे वाक्य आम्हाला प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते, म्हणून आकडे देतो. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमान बाईला सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २.४ वर आला. तीस वर्षांत जवळजवळ निम्मा. मुलगी शाळेत जास्त वर्षे राहिली की मुले कमी होतात, हे सगळ्या समाजांत दिसते. आपल्या आज्यांना किती मुले होती आणि आपल्या सुनांना किती आहेत, तेही आठवा.

आणखी एक आकडा. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या. आपल्या बौद्धांत ९४२ होत्या. मुसलमानांत ९५०. पोटातली मुलगी मारण्याचे पाप शेजाऱ्यांकडे आपल्यापेक्षाही कमी होते. सच्चर समितीनेही नोंदवले आहे की गरिबी एवढी असूनही मुसलमानांतले बालमृत्यू अपेक्षेपेक्षा कमी आहेत. आया मुलांची काळजी घेतात. दवाखाना जवळ असता तर आणखी मुले वाचली असती.

त्यांचे ताट आणि आपले ताट

२०१५ साली राज्यात गोवंशहत्याबंदी बैलांपर्यंत वाढवली. त्याआधी गरिबाच्या घरात आठवड्यातून एकदा तरी बडं शिजत असे, त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही. लोह, प्रथिने आणि बी-१२ मिळवायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. म्हशीवर्गाचे मांस चालू असले तरी भाव वाढले, कुरेशी मंडळींचा धंदा बसला, चामड्याचा माल कमी झाला. चामड्याच्या कामात आपली चर्मकार भावंडे आणि मुसलमान दोघेही आहेत. आज दोन्हीकडच्या बायांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर ती सारखीच पांढरी दिसते. रक्त कमी.

कागदावर कोण मागास?

ही गोष्ट आपल्याला सर्वांत जास्त कळायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना घेतले. त्याच वर्षी आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. राज्याने सवलती दिल्या, पण केंद्राने कायदा बदलायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे आपल्याला सांगितले जात होते, धर्म बदलला म्हणजे जात संपली. गटारात उतरणारे हात मात्र तेच होते.

मेहतर, हलालखोर अशा जातींतले जे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करतात, त्यांना हेच उत्तर आजही मिळते. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा असे सांगितले. ती अजून तशीच आहे. बागवान, पिंजारी, अन्सारी, खाटीक यांच्यासारख्या काही मुसलमान जातींना ओबीसीत जागा मिळाली, पण दाखला काढताना तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चपला झिजतात. चौतीस वर्षे थांबलेल्यांनी थांबलेल्यांना ओळखायला हवे.

आणि हेही ध्यानात ठेवा, की केंद्राच्या यादीत अल्पसंख्याक म्हणून मुसलमानांबरोबर आपलेही नाव आहे. २०२२ च्या शेवटी पहिली ते आठवीच्या मुलांची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद झाली आणि संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. बातमी वाचून आपल्यातल्या कित्येकांना वाटले, हे त्यांचे नुकसान. ते आपलेही होते.

पुढे काय झाले

त्या आठवड्यातच आपल्या गल्लीतल्या तीन वर्षांच्या मुलाला ताप आला, डोळे लाल झाले, चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठले. गोवरच होता. दुसरा डोस राहिला होता. श्वास जोरात चालू झाला म्हणून त्याला दवाखान्यात भरती केले. नऊ दिवसांनी तो घरी आला. तो विहारात पहिल्या रांगेत बसणाऱ्या घरातला. नाल्यापलीकडे तो कधीच गेला नव्हता.

त्यानंतर दोन्ही गल्ल्यांतल्या बायांनी मिळून दवाखान्यात एक अर्ज दिला. सकाळच्या वेळी आम्हाला मजुरी सोडता येत नाही, लसीकरण दुपारी तीन ते पाच ठेवा आणि आलेल्या प्रत्येक मुलाला लस द्या. खाली मराठीत आणि उर्दूत सह्या होत्या, काही अंगठे होते. उद्रेकाच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचे ठरलेच होते, त्यामुळे अर्ज मान्य झाला. एक सत्र मदरशाच्या हॉलमध्ये झाले, दुसरे आपल्या विहारात. मदरशातल्या मौलानांनी जुम्माच्या नमाजनंतर लसीविषयी सांगितले. टिकल्या लावणाऱ्या आपा मुलीला घेऊन आल्या त्या विहारात, कारण त्या दिवशी त्यांना तेच जवळ पडले. आजी दारात बसून पोरांना रांगेत उभे करत होत्या. आपाच्या मुलीला सुई टोचली तेव्हा आजींनीच तिला उचलून घेतले.

आता महिन्यातले एक सत्र दुपारी होते. ते टिकवायचे तर दोन्हीकडच्या बायांनी जात राहिले पाहिजे. मुले आली नाहीत तर "प्रतिसाद नाही" म्हणून ते बंद होईल.

घरात हे एवढे करा

• आजच कार्ड काढा. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले का बघा. राहिले असतील तर मूल मोठे झाले म्हणून सोडू नका, सिस्टरला विचारा. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

• ताप, खोकला, नाक वाहणे, लाल डोळे आणि मग चेहऱ्यापासून खाली उतरणारे पुरळ, ही गोवराची लक्षणे. पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस तो दुसऱ्याला लागतो. तेवढे दिवस मुलाला शाळेत, बालवाडीत पाठवू नका.

• गोवर झालेल्या मुलाला दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात, आज एक आणि उद्या एक. ते मागून घ्या. अंगावरचे दूध, पेज, वरण, अंडे बंद करू नका. निंबाचा पाला उशाशी ठेवून गोवर जात नाही.

• श्वास भरभर चालला, मूल दूध पीत नाही, झटका आला, गुंगीत आहे, तोंडात फोड आले किंवा जुलाब थांबत नाहीत, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

• दवाखान्यातून "आज नाही" म्हणून परत पाठवले तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि चार जणी मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा. एकटीचे ऐकत नाहीत, चौघींचे ऐकतात.

• शेजारच्या गल्लीत कोणाचे बाळ नऊ महिन्यांचे झाले, याची चौकशी करा. जाताना वही नेऊ नका. आपले मूल कडेवर घेऊन जा.